न ऐकू येणारा आवाज

१/ रात्री रानात वटवाघळांची पाहणी करणारे अभ्यासक आज दोन साधने सोबत नेतात : केसासारख्या बारीक धाग्यांची जाळी आणि अतिध्वनी टिपणारे यंत्र. यांपैकी जाळे ही पारध्यांची जुनी युक्ती. यंत्राला मात्र फार उशीर झाला. त्या उशिराची कथा १७९३ साली इटलीतील पाव्हिया येथे सुरू होते.

२/ लाझारो स्पालान्झानी हे तेथील प्राध्यापक आणि धर्मगुरू. काळोखात घुबड धडपडते, वटवाघूळ मात्र निर्धास्त उडते, हे त्यांनी पाहिले. त्यांनी काही वटवाघळांचे डोळे निकामी करून त्यांना सोडून दिले. (प्रयोग क्रूर होता, हे नोंदवायलाच हवे.) पुढे त्यांतील काही कॅथीड्रलच्या घंटाघरात पुन्हा सापडली. त्यांची पोटे डोळस सोबत्यांसारखीच कीटकांनी भरलेली होती!

३/ जिनिव्हाचे शल्यवैद्य लुई ज्युरीन यांनी वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा ती अडथळ्यांवर आदळू लागली. स्पालान्झानींनी हे स्वतः पडताळले. पण कान ऐकत होते तरी काय? माणसाला तर काहीच ऐकू येत नव्हते. पॅरिसच्या जॉर्ज क्युव्हिए यांनी एकही प्रयोग न करता सारे श्रेय स्पर्शज्ञानाला दिले. त्यांचा दबदबा एवढा, की पुढे शतकभर तेच मत प्रमाण ठरले.

४/ १९३८ साली हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन वटवाघळे घेऊन पदार्थवैज्ञानिक जी. डब्ल्यू. पिअर्स यांच्याकडे गेला. कीटकांचे उच्च स्वर ऐकण्याचे यंत्र त्यांच्यापाशी होते. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झला थांबतो. यंत्राने त्यापलीकडचा कल्लोळ प्रथमच ऐकवला. तोंड किंवा कान बंद केल्यास वटवाघूळ तारांवर आदळते, हे ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बोस यांनी लवकरच दाखवले. १९४४ मध्ये ग्रिफिनने या क्षमतेला ‘एकोलोकेशन’ हे नाव दिले.

५/ पुढे तो ही अवजड सामग्री मोटारीत घालून तळ्याकाठी गेला. भक्ष्याजवळ पोहोचताना वटवाघळाच्या हाका इतक्या जलद होतात, की त्यांची एकच गुणगुण बनते. प्रयोगशाळेत याची कल्पनाही आली नव्हती.

६/ झाडांच्या शेंड्यांवरून उडणाऱ्या जाती जाळ्यात क्वचितच येतात. यंत्रामुळे त्यांची नोंद होऊ लागली. तरीही दहा फेऱ्या मारणारे एक वटवाघूळ आणि एकेकदा जाणारी दहा, यांतला फरक यंत्राला कळत नाही. नर की मादी, हेही हातात धरूनच समजते. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांपुढे तर ते मुकेच राहते, कारण ती डोळ्यांनी आणि वासाने वाट काढतात. म्हणून जाळे अजून सुटलेले नाही.