आडवे शब्द, उभे हेर

शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या माझ्या मते तीन जाती आहेत. पहिली पेन्सिलीने सोडवणाऱ्यांची. ही माणसं संसारातही सावध असतात. दुसरी जात शाईने सोडवणाऱ्यांची. एखादं अक्षर बसत नसेल, तर ती चूक चौकट छापणाऱ्याची, यावर त्यांचा गाढ विश्वास असतो. तिसरी जात खांद्यावरून डोकावून सोडवणाऱ्यांची. ही मुख्यतः लोकलमध्ये सापडते. पेपर तुमचा, पेन तुमचं, आणि मागून आवाज येतो, "सात आडवा 'कमंडलू' टाका की राव, काय विचार करताय!" दुर्दैवाने तो कमंडलूच असतो.

कोड्यांचा शौक आपल्याकडे काही नवा नाही. महाभारत सांगताना गणपतीने अट घातली की लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. मग मधूनमधून एखादा कूटश्लोक टाकून व्यासांनी आपल्याला पुढचं सुचायला सवड काढली, अशी कथा आहे. लेखनिकाला अडकवून ठेवण्यासाठी कोडं घालणारे हे पहिले लेखक. पुढच्या काळातल्या लेखकांनी हेच काम नुसत्या हस्ताक्षरावर भागवलं.

पण कोड्यांतलं कोडं म्हणजे ज्याची सगळी उत्तरं आतून एकाच धाग्याने बांधलेली असतात ते. धागा अर्थातच सांगायचा नाही. उदाहरण द्यायला दुसऱ्याचं कोडं कशाला, घरचंच घ्या.

एक : सूर्य उगवण्याआधी औषध, उगवल्यावर गुन्हा. (दोन अक्षरं.)
दोन : खाणारा एकटा, पण बातमी खोलीभर. (दोन अक्षरं.)
तीन : अर्धी भीती, अख्खी आई. (दोन अक्षरं.)
चार : आंब्याच्या पोटात असते ती, असते ना? (तीन अक्षरं.)

पहिलं उत्तर नीरा. ती पहाटे प्यावी, उन्हं चढली की तिची ताडी होते. दुसरं मुळा, याचं स्पष्टीकरण चारचौघांत देता येत नाही. तिसऱ्यात भीतीचं 'भी' आणि आईची 'मा', म्हणजे भीमा. चौथ्यात कोय आणि 'ना', म्हणजे कोयना. एक पेय झालं, एक भाजी, एक भीती आणि एक आंबा. यांचं एकमेकांशी नातं काय? आता पाचवं घ्या : गिरणीचा नवरा. 'गिरणा' म्हणताक्षणी डोक्यात दिवा लागतो. अहो, या सगळ्या नद्या! इतका वेळ भाकरीशेजारी निमूट पडलेला मुळा एकदम पुण्यातून वाहायला लागतो.

या कोड्यातली खरी गंमत इथे आहे, आणि धोकाही इथेच आहे. एकदा धागा सापडला की माणूस सहावं शोधसूत्र वाचतच नाही, नदीच शोधतो. 'ताप' दिसला की तापी, 'पूर्ण' दिसलं की पूर्णा. कोडं घालणाऱ्याच्या मनात साधा क्रोसिनचा ताप असेल, पण ऐकतो कोण! धागा सापडलेला माणूस आणि संशय आलेला पोलीस यांच्यात फारसा फरक नसतो. हे मी उगाच म्हणत नाही. १९४४ साली इंग्लंडात हा फरक शून्यावर आला होता.

ते कळण्यासाठी थोडं मागे जायला हवं. आजच्या शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेत झाला. 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवारच्या मौजेच्या पानासाठी आर्थर विन नावाच्या गृहस्थांनी पतंगाच्या आकाराची एक चौकट आखली. दहा-बारा वर्षांत अमेरिकेला त्याचं वेड लागलं. इंग्रजांनी आधी नाकं मुरडली. मग ३० जुलै १९२५ पासून लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने कोडं छापायला सुरुवात केली, आणि १ फेब्रुवारी १९३० ला 'टाइम्स'ही शरण आला. त्याच वर्षीच्या एप्रिलात बी.बी.सी.च्या 'लिसनर' साप्ताहिकाने कोडं सुरू केलं. धाग्यात गुंफलेल्या कोड्यांची ती पुढे पंढरीच झाली. १९९१ मध्ये साप्ताहिक बंद पडलं, पण कोडं मेलं नाही; ते 'टाइम्स'च्या आश्रयाला गेलं. मालक जातो, भाडेकरू राहतो, तसं.

इंग्रजांनी कोड्यात भर घातली ती छळाची. त्यांच्या दोन नामवंत कोडेकारांनी टोपणनावं घेतली 'टॉर्केमादा' आणि 'झिमेनेझ'. ही स्पेनमध्ये पाखंड्यांचा न्याय करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांची नावं. आपल्याकडचे कवी टोपणनाव घेताना चंद्र, बाल, अनिल असं काही हळुवार शोधतात. तिकडचे कोडेकार सरळ 'छळवादी' म्हणून पाटी लावतात. निदान ग्राहकाची फसवणूक तरी होत नाही.

'टेलिग्राफ'चे पहिले कोडेकार मात्र साधे शाळामास्तर होते. नाव लेनर्ड डॉ. हे 'डॉ.' म्हणजे डॉक्टर नव्हे, ते आडनावच. स्ट्रँड स्कूल या लंडनच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. तरुणपणी साउदॅम्पटनच्या संघाकडून फुटबॉल खेळलेले, तेही चष्मा लावून. चष्मा लावून फुटबॉल खेळणारा माणूस पुढे कोड्यांकडे वळणार, हे खरं तर तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

महायुद्ध सुरू झालं, तेव्हा लंडनवर पडणाऱ्या बाँबपासून मुलांना वाचवण्यासाठी ही शाळा सरे परगण्यातल्या एफिंगहॅम गावी हलवली. मास्तरांनी शाळा आणि कोडी, दोन्ही चालू ठेवली.

सरकारलाही कोडी आवडत होती. जानेवारी १९४२ मध्ये 'टेलिग्राफ'च्या कचेरीत एक स्पर्धा झाली. बारा मिनिटांच्या आत कोडं सोडवायचं. पुढे काही स्पर्धकांना युद्धखात्याची पत्रं आली आणि ते ब्लेचली पार्कला, म्हणजे जर्मनांचे गुप्त संदेश फोडण्याच्या कारखान्यात, रुजू झाले. शब्दकोड्यावर सरकारी नोकरी! आपल्याकडच्या कुठल्याही वडिलांना हे पटवून पाहा.

पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारचं कपाळ पहिल्यांदा आठ्यांनी भरलं. १९ ऑगस्ट १९४२ रोजी दोस्तांनी फ्रान्सच्या दिएप बंदरावर छापा घातला. सहा हजारांच्या वर सैनिक गेले, त्यांतले पाच हजारांच्या आसपास कॅनडाचे, आणि गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. छाप्याच्या एक-दोन दिवस आधी 'टेलिग्राफ'च्या कोड्यात फ्रान्समधलं एक बंदर विचारलं होतं. उत्तर : दिएप. चौकशी झाली, योगायोग ठरला, फाईल मिटली.

आणि उजाडला १९४४ चा मे महिना. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरण्याची तयारी चालू होती. सगळ्या मोहिमेचं सांकेतिक नाव 'ओव्हरलॉर्ड', तिच्यातल्या आरमारी भागाचं 'नेपच्यून'. किनाऱ्याचे पाच तुकडे पाडलेले : यूटा, ओमाहा, गोल्ड, जूनो आणि सोर्ड. तिथे बंदर नाही म्हणून काँक्रीटचं बंदर तुकड्यातुकड्यांनी बनवून समुद्रातून ओढत न्यायचं होतं. त्याचं नाव 'मलबेरी'. हे शब्द म्हणजे साम्राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या. आधीच्या महिन्यांत गोल्ड, जूनो, सोर्ड कोड्यात येऊन गेले होते. पण सोनं आणि तलवार कुठल्या कोड्यात नसतात? कुणी मनावर घेतलं नाही.

२ मे : अमेरिकेतलं एक राज्य विचारलं. उत्तर, यूटा. २२ मे : मिसुरीकाठचे मूळचे रहिवासी (इथेही नदी आहेच!). उत्तर, ओमाहा. २७ मे : एक बडं धेंड. उत्तर, ओव्हरलॉर्ड. ३० मे : पोरं गाणं म्हणत ज्याच्याभोवती फेर धरतात ते झुडूप. उत्तर, मलबेरी. १ जून : त्रिशूळवाला समुद्रदेव. उत्तर, नेपच्यून. सैन्य उतरणार होतं ५ जूनला. हवा बिघडली म्हणून ६ जूनला उतरलं. म्हणजे चार-पाच दिवस उरलेले, दीड लाखांहून अधिक माणसं निघण्याच्या तयारीत, आणि सकाळच्या चहाबरोबर लोक पेन्सिलीने 'नेपच्यून' भरताहेत!

गुप्तहेर खात्याची माणसं मास्तरांकडे आली. त्यांची पंचाईत आपण समजून घेतली पाहिजे. हे कोडं असं होतं की त्याचा धागा फक्त त्यांनाच दिसत होता. इतर लाखो वाचकांना राज्य, झुडूप आणि समुद्रदेव यांच्यात काहीही नातं दिसत नव्हतं. आपल्या मुळ्यासारखा प्रत्येक शब्द आपापल्या ताटात निमूट पडला होता. बरं, "हाच शब्द का घातलात?" असं विचारावं तर त्या शब्दाला अर्थ आहे हे आपणच सांगितल्यासारखं होतं. न विचारावं, आणि मास्तर खरंच हेर निघाले, तर समुद्रकिनारी काय वाढून ठेवलेलं असेल? दिएपची आठवण ताजी होती.

त्यांनी मास्तरांना पार उलटंपालटं करून तपासलं. १९५८ साली बी.बी.सी.वर मास्तरांनीच हे सांगितलं, आणि शेवटी आपल्याला गोळी घालायची नाही असं त्यांचं ठरलं, असंही. त्यांनी फक्त योगायोगाची साक्ष काढली. कॉर्नेलियस रायन यांच्या 'द लाँगेस्ट डे' या १९५९ च्या पुस्तकातही हा किस्सा आला आणि जगभर गेला. १९६३ मध्ये मास्तर वारले. कोडं सुटलं नव्हतं, पण विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

मग १९८४ मध्ये, स्वारीला चाळीस वर्षं झाल्यावर, त्या शाळेचा एक माजी विद्यार्थी पुढे आला. त्याचं म्हणणं असं : मास्तर रिकामी चौकट मुलांपुढे ठेवत आणि मुलांकडून शब्द भरून घेत. मग त्या शब्दांवर शोधसूत्रं तेवढी ते स्वतः रचत. (मुलांकडून घरकाम करून घेणारे मास्तर आपल्याला माहीत आहेत, हा प्रकार त्यापेक्षा बराच सुसंस्कृत म्हणायचा.) शाळेजवळ सैनिकांची छावणी होती. चौदा वर्षांची पोरं तिथे हुंदडायला जात. सैनिकांच्या बोलण्यात हे शब्द येत. जागा आणि तारीख गुप्त होती. नुसते शब्द हवेत होते. पोराने ऐकलेले शब्द वहीत टिपले आणि चौकटीत टाकले. चौकशीनंतर मास्तरांनी त्याला बोलावलं, वह्या जाळायला लावल्या आणि बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली : हे कुणाजवळ बोलायचं नाही.

यावर सगळ्या अभ्यासकांचं एकमत नाही. इतके जपलेले शब्द छावणीत पोरांच्या कानावर पडतील का, असं काही जण विचारतात. ते अभ्यासक चौदा वर्षांच्या पोरांचे पालक नसावेत. घरात आपण दार लावून, आवाज खाली करून, इंग्रजीत बोललेली गोष्ट पोरांना कळते. मग मोकळ्या मैदानात गप्पा मारणाऱ्या पलटणीची काय कथा!

मला मात्र त्या हकिकतीत युद्धापेक्षा मास्तर जास्त दिसतात. ती खरी असेल, तर पन्नाशी उलटलेला एक माणूस देशद्रोहाचा आळ अंगावर घेऊन बसला आणि "हे माझं नव्हे, माझ्या वर्गातल्या पोराचं आहे" एवढं एक वाक्य त्याने सांगितलं नाही. त्या वेळी नाही, चौदा वर्षांनी बी.बी.सी.समोर नाही, शेवटपर्यंत नाही. पोराला घरी चांगलंच झापलं असेल, ते वेगळं; पण ते दाराआड. बाहेर विचारलं तर योगायोग!

आयुष्यभर लोकांना उत्तरं सुचवून पोट भरलेल्या या माणसाने एकच चौकट रिकामी ठेवली. ती भरायला त्या पोराला चाळीस वर्षं लागली. पण तो जुन्या शाळेचा विद्यार्थी. मास्तरांनी पेपर हातातून घेईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं.