बिगुलातला गांधार

बिगुलाला कळ नसते, भोक नसते, पडदाही नसतो. धातूची गुंडाळलेली नळी, एका टोकाला ओठ टेकवायची वाटी, दुसऱ्या टोकाला पसरट तोंड, एवढाच त्याचा पसारा. सूर बदलायचा तो ओठांच्या ताणाने आणि श्वासाच्या जोराने. अशा नळीतून कामाचे सूर निघतात पाच : सा, प, वरचा सा आणि त्याच्याही वरचे ग आणि प. रिषभ नाही, मध्यम नाही, धैवत-निषाद नाहीत. पहाटे छावणी जागी करणारी धून, संध्याकाळी झेंडा उतरवतानाची धून, शहिदाला निरोप देणारी ‘लास्ट पोस्ट’, सगळे काही या पाच सुरांत बसवलेले आहे.

यातल्या गांधाराची धारवाडकराला नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. तंबोरा जुळला, जवारी खुलली, की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गांधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपने झाली की तो जन्मतो, मग ती कंपने तारेतली असोत की नळीतल्या हवेतली. बिगुलाचा गांधार हाच. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तालमीत वाढलेले सवाई गंधर्व हुबळीजवळच्या कुंदगोळचे, त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल हुबळीतच राहिल्या, आणि या साऱ्यांनी जिवापाड जपलेला तो गांधार धारवाडपासून पाऊणशे किलोमीटरवर, बेळगावच्या छावणीत, बिगुलातून वाजत आला. मैफलीच्या जगाने त्याची दखल घेतली नाही. पलटणीच्या बँडला आपण संगीतात मोजतच नाही, आणि बँडवाल्याला कलावंतांत. या बँडची कुळकथा नीट पाहिली तर हा अन्याय किती मोठा आहे ते कळते.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बोधचिन्हात बिगुल आहे. १७६८ मध्ये मुंबईत उभी राहिलेली ‘जंगी पलटण’ ही या रेजिमेंटची सर्वांत जुनी शाखा. पहिल्या अफगाण युद्धातल्या पराक्रमाबद्दल तिच्याच ‘काळी पाचवी’ या पलटणीला १८४१ मध्ये ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मिळाला. तो तेव्हा मोठा मान होता. रांगेत खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या पायदळाला हुकूम कळवायला ढोल पुरायचा. लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई मात्र पुढे पांगून, झाडा-दगडांच्या आडोशाने लढायचे. तिथे ढोल घेऊन कोण धावणार, आणि त्याचा आवाज गोळीबारात कुणाला कळणार? जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या तुकड्या शिकाऱ्यांचे शिंग वापरीत. तेच अठराव्या शतकात इंग्रजी सैन्यात शिरले आणि त्याचा बिगुल झाला. पाऊलही बदलले. साध्या पायदळाची चाल मिनिटाला १२० पावलांची, लाइट इन्फन्ट्रीची १४० ची. म्हणजे अशा पलटणीचा बँड दर मिनिटाला २० मात्रा जास्त वाजवतो, तोही चालता चालता. १९२२ च्या पुनर्रचनेत वेगवेगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि तिचे प्रशिक्षण बेळगावात स्थिरावले. रंगरुटांची पावले तिथे आजही बँडवरच घडतात.

हे सगळे विलायती, असे म्हणून आपण मोकळे होतो. ते अर्धेच खरे आहे. दरवाज्यावर नौबत झडणे हा आपल्याकडे राजाचा मान होता. रायगडावर नगारखाना आहे, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरही आहे. कर्णे, तुताऱ्या, शिंगे, उंटा-हत्तींवरचे नगारे यांच्याशिवाय फौज हलत नसे. हाच नगारा अरबांकडून, धर्मयुद्धांच्या काळात, युरोपात पोहोचला. पुढे अठराव्या शतकात तुर्की सुलतानाच्या जॅनिसरी सैन्याच्या बँडचे युरोपातल्या राजांना इतके वेड लागले, की मोठा ढोल, झांजा आणि त्रिकोणी घंटा त्यांनी आपापल्या पलटणींत उचलल्या. बँडमध्ये आज धडधडणारा बेस ड्रम आणि झळाळणाऱ्या झांजा या अशा पूर्वेकडून तिकडे गेलेल्या आणि गोऱ्या पलटणींबरोबर परत आलेल्या आहेत. धारवाड भागात होळीला बैलगाडीच्या चाकाएवढी जग्गलिगी वाजते. तिच्या ठोक्यावर ज्यांचे पाय आपोआप पडतात, त्यांना बेस ड्रमचे काम समजावून सांगावे लागत नाही.

पाश्चात्त्य बँड आपलासा करणारे पहिले हिंदी राज्यकर्ते कोण, याचा शोध घेताना एक मराठी नाव समोर येते : तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२). श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला. तो ‘तंजावर बँड’ म्हणून नावारूपाला आला. त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितरांनी इंग्रजी बँडच्या चाली ऐकून त्यांवर संस्कृत शब्द बसवले. ‘गॉड सेव्ह द किंग’च्या चालीवर देवीची स्तुती रचताना त्यांना कमीपणा वाटला नाही. या रचना ‘नोट्टुस्वर’ नावाने कर्नाटक संगीतात आजही शिकवतात. एवढ्या थोर वाग्गेयकाराला बँडमध्ये संगीत सापडले, आणि आपल्याला त्यात नुसता गोंगाट ऐकू यावा, याचे मला वाईट वाटते.

बँडमधल्या माणसाची घडण मात्र वेगळ्या ठिकाणी झाली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत ‘मेस्त्र’ पोरांना सोल्फेज शिकवीत, म्हणजे कागदावरचे सूर पाहून गाणे आणि मग व्हायोलिन किंवा क्लॅरिनेट हातात देणे. नोटेशन वाचणारा तयार वाजवणारा तिथे मिळे, म्हणून ब्रिटिश पलटणी, संस्थाने, रेल्वे आणि पुढे मुंबईचे चित्रपट, सगळ्यांनीच गोव्याकडे हात पसरला. ‘सारे जहाँ से अच्छा’ची आज संचलनात वाजणारी चाल बांधली ती अंत्शेर लोबो या गोमंतकीयानेच. उत्तरेत वेगळीच शाखा फुटली. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेल्या नादिर अली यांनी १८८५ मध्ये मेरठला वाद्यांचा धंदा काढला, आणि आपल्या वरातींतले कितीतरी पितळी बाजे तिथूनच आले.

फौजांनाही बँडमन घडवण्याचे शास्त्र उशिराच सुचले. क्रिमियन युद्धात, १८५४ मध्ये, राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात ब्रिटिश पलटणींचे बँड एकत्र वाजू लागले आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी निघाली. त्या नामुष्कीतून १८५७ मध्ये लंडनजवळ नेलर हॉलची लष्करी संगीतशाळा उभी राहिली. स्वतंत्र भारताने आपली शाळा १९५० मध्ये पचमढीला काढली. तिच्यामागे लष्करप्रमुख करिअप्पा होते, कोडगूचे, म्हणजे कर्नाटकचेच. निरनिराळ्या रेजिमेंटचे बँडमन तिथे शिकायला जातात आणि काही जण बँडमास्टर होऊन परततात.

त्याच १९५० मध्ये राष्ट्रगीताचा निवाडा झाला आणि त्यात बँडचा शब्द वजनदार ठरला. ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावे म्हणून मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर झटत होते. हे गीत बँडवर नीट वाजत नाही, हा त्याविरुद्धचा मोठा आक्षेप. मास्तरांनी झिंझोटीतली आपली चाल बँडसाठी बांधली, ती बँडकडून वाजवून घेतली आणि दिल्लीत घटना समितीच्या सभासदांपुढे प्रात्यक्षिके दिली. भास्करबुवा बखल्यांचा शिष्य, ‘संगीत कुलवधू’चा संगीतकार, स्वरसंवाद आणि वाद्यांच्या वाटणीचा अभ्यास करतो आहे, हे चित्र मला फार मोलाचे वाटते. २४ जानेवारी १९५० ला ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला. मास्तरांचा आग्रह मान्य झाला नाही, तरी रागदारीतली चाल बँडवर उभी राहते हे त्यांनी करून दाखवले. २०२२ पासून दिल्लीत प्रजासत्ताक दिनानंतरच्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात ‘ऐ मेरे वतन के लोगो’ वाजते. तीही चाल पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांची.

लहानगा भीमसेन गदगच्या रस्त्यांवरून वाजत जाणाऱ्या मिरवणुकींमागे चालत जाई आणि कुठेतरी दमून झोपी जाई. लोकांनी घरी आणून सोडावे म्हणून वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून ठेवले होते. गदग तेव्हा धारवाड जिल्ह्यातच होते. तो ओढला गेला तो वाजंत्र्यांच्या आवाजाने, हे आपण कौतुकाने सांगतो. आज एखादे पोर त्याच आवाजामागे जाऊन ‘मला बँडमध्येच जायचे आहे’ म्हणाले, तर घर गप्प होते. वाद्य वाजवणे हे आपण गुरव, घडशी, होलार, मातंग यांच्याकडे सोपवून दिले होते. त्यांचे वाजवणे आपल्याला हवे असायचे, पंगतीला ते नको असायचे. बँडच्या नोकरीकडे पाहताना ती जुनी नजर अजून मध्ये येते.

नोकरी म्हणून ही वाट कशी आहे? बँडमन आधी शिपाई असतो. कवायत, बंदूक, धावणे सगळे करतो, आणि लढाईच्या वेळी वाद्य ठेवून जखमींचे स्ट्रेचर उचलणे हे त्याचे पिढ्यांपिढ्यांचे काम. अग्निपथ योजनेपासून भरती चार वर्षांची झाली आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जण कायम होतात, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावे. लष्करात रेजिमेंटल सेंटरमार्फत वाद्यवादक घेतले जातात. नौदलाचे वादक मुंबईत कुलाब्याच्या ‘आयएनएस कुंजाली’वर तयार होतात. हवाई दल ‘अग्निवीरवायू (म्युझिशियन)’ म्हणून मुलामुलींना घेते. तिथल्या चाचणीत एक सोय आहे जी धारवाडकरांनी लक्षात ठेवावी : स्टाफ नोटेशनबरोबर हिंदुस्थानी किंवा कर्नाटक पद्धतीची स्वरलिपी वाचून वाजवलेलेही चालते, आणि ऐकवलेला अनोळखी सूर गळ्याने किंवा वाद्याने जुळवून दाखवावा लागतो. सूर जुळवणे तर इथल्या पोराला पहिल्या वर्षीच शिकवतात.

अडचण येते ती पुढे. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बहुधा बी-फ्लॅटचे असतात. कागदावर पांढरी एक लिहिलेली असते, वाजवली की पेटीवरच्या काळी पाचचा सूर निघतो. आल्टो सॅक्सोफोनवर तीच पांढरी एक काळी दोन होऊन येते. नोटेशनवर वाढलेला विद्यार्थी यात गोंधळतो. हिंदुस्थानी शिकलेल्याला सा कुठल्याही पट्टीत धरायची सवय असल्याने ही गाठ लवकर सुटते. रायचूरच्या पंडित नरसिंहलू वडवाटींनी तर क्लॅरिनेटवर रागदारीच वाजवली. खरी कसोटी वेगळीच आहे. एकट्याने रागाची बढत करायला शिकलेल्या पोराला दुसऱ्या हॉर्नवर बसवतात आणि अख्ख्या मार्चमध्ये त्याच्या वाट्याला खालीवरचे, ठोक्यांच्या मधले, दोन-तीनच सूर येतात. मुख्य चाल कॉर्नेटकडे. वाद्यावर चिमट्याने लावलेल्या तळहाताएवढ्या कागदाकडे एक डोळा, ड्रम मेजरच्या काठीकडे दुसरा, डावा पाय बेस ड्रमवर, आणि ड्रमचे दोन जोडठोके पडले की सगळ्यांनी एका क्षणी थांबायचे. या कामाला लागणारी तयारी मैफलीच्या तयारीहून कमी नाही, तिचा फक्त ढंग निराळा आहे. ती शिकवायला हुबळी-धारवाडच्या संगीत विद्यालयांत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटचा एकेक वर्ग सुरू व्हावा, आणि बेळगावच्या सेंटरमधून निवृत्त झालेल्या बँडमास्टरांना गुरू म्हणून तिथे सन्मानाने बोलवावे.