अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि सचित्र ग्रंथ : साधन म्हणून मोल व मर्यादा (१८४४–१९५५)

प्रस्तावना

कलेतिहासाच्या अभ्यासात सचित्र ग्रंथातील चित्रांकडे बहुधा मजकुराला पूरक म्हणून पाहिले जाते. अजिंठ्याच्या बाबतीत ही दृष्टी अपुरी ठरते. इ. स. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. त्यानंतर ओलावा, वटवाघळे, कीटक आणि माणसाचा हस्तक्षेप यांमुळे येथील चित्रांची मोठी हानी झाली. भिंतीवरून नाहीसे झालेले काही तपशील आज केवळ जुन्या अनुकृतींत व ग्रंथांतील चित्रपत्रांत पाहावयास मिळतात. म्हणून या ग्रंथांचा विचार इतिहासाची साधने म्हणून होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी प्रमुख ग्रंथांचा परामर्श घेतला आहे.

रॉबर्ट गिल : रंग आणि छायाचित्र

इ. स. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांच्यावर चित्रांच्या अनुकृती तयार करण्याचे काम सोपविले. त्यांनी तैलरंगात केलेल्या भव्य अनुकृती लंडनला पाठविण्यात आल्या. तेथील क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या. दरम्यान गिल छायाचित्रणाकडे वळले होते. जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांच्या ७४ छायाचित्रांचा ग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. मजकूर व छायाचित्र एकत्र छापण्याची सोय तेव्हा नसल्याने प्रत्येक छायाचित्र पानावर स्वतंत्रपणे चिकटवावे लागे. स्थापत्य आणि शिल्प या माध्यमात उत्तम उतरले, परंतु अंधाऱ्या दालनांतील रंग टिपण्याची क्षमता त्यात नव्हती. परिणामी गिल यांच्या परिश्रमांतील रंगाचा भाग बव्हंशी जळाला व दगडाचा भाग ग्रंथरूपाने उरला. १८७९ मध्ये निधन पावलेल्या गिल यांची समाधी भुसावळ येथे आहे. मराठीत मात्र ना. धों. महानोर यांच्या काव्यामुळे व २०१२ मधील ‘अजिंठा’ चित्रपटामुळे त्यांची प्रेमकथाच अधिक परिचित आहे.

ग्रिफिथ्स आणि मुंबईची कलाशाळा

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह हे काम पुन्हा हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकी एक प्रमुख विद्यार्थी होत. दुर्दैवाने लंडनमध्ये ठेवलेल्या या अनुकृतींपैकीही अनेक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. तरीही १८९६–९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचा द्विखंडात्मक ग्रंथ रंगीत शिळाछापाच्या चित्रपत्रांसह प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर नाव एका व्यक्तीचे असले, तरी त्यामागे भारतीय विद्यार्थ्यांचे अनेक वर्षांचे सामूहिक श्रम होते.

या उपक्रमाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. अनुकृती करताना रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश लावण्यात आले. कालांतराने ते काळवंडले आणि त्याने चित्रांना अपाय केला. ज्या प्रयत्नाने चित्रांची नोंद जतन झाली, त्याच प्रयत्नाने मूळ चित्रांना इजाही पोहोचली.

विसाव्या शतकातील प्रयत्न

ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व के. वेंकटप्पा आदी चित्रकारांच्या साहाय्याने अनुकृती केल्या. त्या १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्रंथरूपात प्रकाशित केल्या. या ग्रंथाच्या शीर्षकात ‘फ्रेस्को’ हा शब्द होता. वस्तुतः अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर नव्हे, तर कोरड्या गिलाव्यावर रंगविलेली आहेत.

मराठी मुलुखातून औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३२ मध्ये अजिंठ्यावर सचित्र मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईच्या तारापोरवाला प्रकाशनाचा हा ग्रंथही इंग्रजीतच होता.

लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात छायाचित्रांच्या आधारे रंगीत व एकरंगी चित्रपत्रे देण्यात आली. त्यापूर्वी, १९२०–२२ मध्ये, इटालियन तज्ज्ञांनी चित्रांचे संवर्धन करताना लाखेचा लेप वापरला होता व तो पुढे पिवळसर पडला. त्यामुळे याझदानींच्या चित्रपत्रांत दिसणारा रंग हा प्राचीन चित्रकाराचाच रंग आहे, असे गृहीत धरता येत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अनुकृतीत चित्रकाराची दृष्टी मिसळते, तर छायाचित्रात प्रकाश, रसायने आणि छपाई यांच्या मर्यादा उतरतात. दुसरी, प्रत्येक ग्रंथ विशिष्ट वर्षी भिंत कोणत्या अवस्थेत होती याची साक्ष देतो. म्हणून कोणतेही एक चित्रपत्र प्रमाण मानण्यापेक्षा ग्रिफिथ्स, हेरिंगहॅम व याझदानी यांची चित्रपत्रे कालक्रमाने शेजारी ठेवून तपासणे अधिक योग्य ठरते. अजिंठ्याचे कोणतेही चित्र उद्धृत करताना लेण्याच्या क्रमांकासोबत ते कोणी, कोणत्या वर्षी व कोणत्या तंत्राने घेतले, हेही नोंदविण्याची शिस्त अभ्यासकांनी पाळावयास हवी. तसे न केल्यास अजिंठ्याचे म्हणून आपण ज्या रंगाचे वर्णन करू, तो प्रत्यक्षात एखाद्या शिळाछापाचा किंवा जुन्या लेपाचा रंग असण्याचा संभव आहे.