पराभूतांनी गाइलेले गाणे

पोवाडा बहुधा आपल्याच वीराचा असतो. प्रतिपक्षाच्या वीराचा पोवाडा कोणी गातो काय? त्रिनिदाद-टोबॅगोच्या लॉर्ड रिलेटर या शाहिराने तो गाइला. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजविरुद्ध प्रथमच कसोटी मालिका जिंकली. मुंबईच्या सुनील गावसकरांनी चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या, आणि पराभूतांच्या या शाहिराने त्यांच्यावर 'कॅलिप्सो', म्हणजे तिकडचे प्रासंगिक लोकगीत, रचले. पुढे १९८३ च्या विश्वचषकानंतर लताबाई दिल्लीत आपल्या विजेत्यांसाठी गाइल्या. ते उचितच होते. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मैदानांवर आपण हरल्यावर प्रतिपक्षासाठी टाळी तरी वाजते काय? खेळातील सुसंस्कृतपणाची खरी कसोटी तीच, असे आम्हांस वाटते.