'पेकिंग' ते 'बीजिंग': एका नगरनामाचा इंग्रजीतील इतिहास

परकीय नगराचे नाव एखाद्या भाषेत येते ते बहुधा त्या नगराकडून थेट येत नाही. व्यापारी, धर्मप्रसारक, नकाशाकार आणि टपालखाते यांच्या हातून ते येते. त्यामुळे त्याच्या लेखनात व उच्चारात मूळ भाषेइतकाच या मध्यस्थांचाही इतिहास साठलेला असतो. चीनच्या राजधानीचे इंग्रजी नाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. 'पेकिंग' हा पाश्चात्त्यांनी केलेला अपभ्रंश आणि 'बीजिंग' हे शुद्ध मूळ रूप, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ऐतिहासिक पुरावा मात्र या समजुतीच्या दोन्ही भागांना बाधक ठरतो.

मिंग सम्राट युंगलो याने १४०३ मध्ये या नगरास 'उत्तरेची राजधानी' या अर्थाचे नाव दिले. त्या काळच्या शिष्ट चिनी उच्चारात 'राजधानी' या अर्थाच्या उत्तरपदाच्या आरंभी 'क' हा ध्वनी होता. जेझुइट धर्मप्रसारकांनी तो ऐकला तसा लिहिला. मार्टिनो मार्टिनी याच्या १६५५ च्या चीनविषयक नकाशासंग्रहाने 'पेकिंग' हे रूप युरोपभर पोहोचवले. पुढे उत्तरेकडील बोलीत 'इ'पूर्वीचा 'क' तालव्य होऊन 'च'सारखा झाला. 'कृ' धातूचे 'चकार' हे रूप जाणणाऱ्यास कंठ्य ध्वनीचे हे तालव्यीकरण अपरिचित वाटू नये. तात्पर्य, इंग्रजीने नाव बिघडवले नाही. उच्चार बदलला तो चिनी भाषेचा आणि इंग्रजीने जुना उच्चार जतन केला. 'पेकिंग' हा अपभ्रंश नसून भाषिक अवशेष होय.

या अवशेषावर पुढे सत्ताव्यवहाराचे थर चढले. १९०६ मध्ये शांघाय येथील टपाल परिषदेने नगरनामांची रूढ रोमन रूपे कायम ठेवली आणि 'पेकिंग' अधिकृत झाले. १९२८ मध्ये राष्ट्रवादी शासनाने राजधानी नान्जिंगला नेली, तेव्हा नावातील 'राजधानी' हे पदच गळाले आणि 'उत्तरेची शांती' या अर्थाचे 'पेइपिंग' हे नाव आले. १९४९ मध्ये साम्यवादी शासनाने जुने नाव पुन्हा स्थापित केले. तरीही १९५० च्या दशकात अमेरिकेचे परराष्ट्रखाते 'पेइपिंग' असेच म्हणत राहिले, कारण 'राजधानी' हे पद उच्चारणे म्हणजे त्या शासनास मान्यता देणे झाले असते. येथे एका अक्षराचा भेद हा राजनैतिक भूमिकेचा भेद आहे.

'बीजिंग' या लेखनाचा उगम पिनयिन या रोमन लेखनपद्धतीत आहे. ती १९५८ मध्ये चीनमध्ये संमत झाली आणि १९७९ पासून परभाषिक प्रकाशनांसाठी अवलंबिली गेली. या पद्धतीत 'बी' आणि 'जे' ही रोमन अक्षरे घोष ध्वनींची द्योतक नाहीत. ती अघोष अल्पप्राण ध्वनी दर्शवतात. मराठी कानाला मूळ चिनी उच्चार 'पेइचिंग'च्या निकटचा वाटेल. म्हणजे आद्य वर्णापुरते पाहता, टाकून दिलेले 'पेकिंग'च मराठी वाचकास मुळाच्या अधिक जवळ नेते.

इंग्रजी भाषकांनी नव्या लेखनाचे काय केले, हे उद्बोधक आहे. इंग्रजीत शब्दारंभीचा 'ब' बराचसा अघोष असल्याने तेथे फारशी हानी झाली नाही. परंतु 'जे'चा उच्चार पुष्कळ जण 'प्लेझर' या शब्दातील मृदू घर्षक ध्वनीसारखा करतात. हा ध्वनी चिनी उच्चारात नाही. इंग्रजीत तो प्रामुख्याने फ्रेंच शब्दांबरोबर आला आणि परकेपणाची खूण बनला. 'जॉन'मधला साधा 'ज' अधिक जवळचा असूनही तो पुरेसा परका वाटत नाही. 'ताज' आणि 'राज' या शब्दांचीही इंग्रजीत हीच गत झाली आहे. शुद्ध उच्चाराच्या ध्यासातून निर्माण झालेली ही अशुद्धी आहे.

मराठीतील स्थिती याहून विलक्षण आहे. मराठीपाशी घोष-अघोष आणि अल्पप्राण-महाप्राण असा चतुर्विध वर्णभेद आहे. चिनी ध्वनी टिपण्यास देवनागरी रोमनपेक्षा अधिक समर्थ आहे. चीनच्या हिंदी नभोवाणीने 'पेइचिंग' असे लिहून ते दाखवूनही दिले. मराठी वृत्तपत्रांनी मात्र 'बीजिंग' स्वीकारले. हे रूप चिनी उच्चाराचे नाही आणि 'बे'ने आरंभ होणाऱ्या इंग्रजी उच्चाराचेही नाही. ते रोमन अक्षरांचे डोळ्यांनी केलेले वाचन आहे. आशियातील एका भाषेचा शब्द दुसरीत येताना मध्यस्थ कोण, याचे उत्तर या एका 'बी'त सापडते.

म्हणून नाव, लेखन आणि उच्चार या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. नगराने मागितलेले नाव वापरणे हा सौजन्याचा आणि मान्यतेचा व्यवहार आहे आणि तेवढ्यासाठी तो योग्यच आहे. त्यावर ध्वनिशुद्धीचा दावा लादण्याचे कारण नाही. १९९५ मध्ये 'बॉम्बे'चे अधिकृतपणे 'मुंबई' झाले, तरी चिनी भाषेत या नगराचे नाव 'मंगमाय'च राहिले. खुद्द पेकिंग विद्यापीठाने आपले जुने इंग्रजी नाव सोडलेले नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. जुन्या ग्रंथाचे भाषांतर वा संपादन करताना 'पेकिंग' किंवा 'पेइपिंग' यांच्या जागी सरसकट 'बीजिंग' घालणे ही दुरुस्ती नव्हे. त्या नावाबरोबर लेखकाचा काळ, त्याची राजकीय बाजू आणि त्याच्या कानी पडलेला उच्चार असा तिहेरी पुरावा संहितेतून नाहीसा होतो.