हळदीचं पेटंट अन् छापील कागद

विळा लागला की आपण जखमेत हळद दाबतो. लग्नात अंगाला लावतो तीही हीच. पण मार्च 1995 मध्ये अमेरिकेनं जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं. आजीचं औषध तिकडं मालकीचं झालं!

डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख. संस्थेनं हरकत घेतली. पण ‘आमच्यात पूर्वापार लावतात’ एवढ्यावर भागणार नव्हतं. तिथल्या कायद्याला छापील पुरावा लागत होता. मग जुन्या ग्रंथांतले उल्लेख, 1953 चा वैद्यकीय नियतकालिकातला लेख, असे 32 पुरावे दिले. 1997 मध्ये पेटंट नाकारलं गेलं.

2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. असल्या मानांकनालाही इतिहासाचे कागद लागतातच.

आपल्या सातारा-सांगलीत अजून बरंच ज्ञान तोंडीच आहे. बेणं कसं निवडायचं, हरिपूरच्या पेवात हळद कशी टिकायची, लेप कशात कालवायचा. म्हाताऱ्या माणसांना विचारा अन् तारखेसकट वहीत लिहा. लेपानं कुणाला खाज सुटली, पुरळ आलं, तर तेही लिहा. गुण लिहायचा तसा अवगुणही लिहायचा.