गाविलगड, ग्वादियाना आणि वर्धा

ग्वादियाना नदी बादाहोसजवळ स्पेन-पोर्तुगालची सरहद्द होते. म्हणूनच त्या किल्ल्यासाठी रक्त सांडले. ६ एप्रिल १८१२ च्या रात्री वेलिंग्टनचे सैनिक खिंडारांत कापले गेले, किल्ला मिळाला तो शिड्यांमुळे.

आम्हा नागपूरकरांना हे ओळखीचे वाटावे. १५ डिसेंबर १८०३ रोजी याच सेनानीने, तेव्हाच्या आर्थर वेलस्लीने, भोसल्यांचा गाविलगड घेतला. तोफांनी बाहेरचा तट फुटला, आतला नाही. तिथेही शिड्याच लागल्या. किल्लेदार बेनीसिंग पडला. या लढाईला बादाहोसची तालीम म्हणणे आम्हाला पटत नाही. तालमीत माणसे मरत नसतात.

शिवाय इथे क्रम उलटा आहे. दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने गड भोसल्यांना परत दिला (!), पण वर्धेपलीकडचा मुलूख घेतला. सरहद्दीसाठी वेढा नव्हे. वेढ्यानंतर वर्धा सरहद्द झाली.